रशियन उच्चारात स्वर कुठला, व्यंजन कुठलं?

प्रश्न असा आहे: "दोन महिन्यांपासून रशियन शिकतोय. लिपीच्या तक्त्यात १० स्वर दिलेत, एका पुस्तकात ६ वाचले, दुसरीकडे ५. डोक्यावर चंद्रकोर असलेल्या 'इ'ला कोणी स्वर म्हणतं, कोणी व्यंजन. आणि मला शिकवणाऱ्या रशियन बाई सारखं सांगतात की मी नको तिथे स्वर घालतो. मला तर तो ऐकूही येत नाही. उच्चारात स्वर आणि व्यंजन ओळखायचं तरी कसं?"

बाईंच्या तक्रारीपासून सुरुवात करते. मराठी मुलांना रशियन शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर द्यावा लागतो, आणि ती सुटली की बाकीचे प्रश्न निम्मे होतात.

रशियनमध्ये मीटरला 'म्येत्र्' म्हणतात. एक मीटर म्हणजे 'अदीन म्येत्र्'. दोन मीटर म्हणजे 'द्वा म्येत्र', आणि इथे शेवटी एक बारीकसा 'अ' येतो, कारण २, ३ आणि ४ या संख्यांनंतर नाम षष्ठीच्या एकवचनात जातं. दोन रूपांत फरक आहे तो एवढाच, शेवटचा अ. आता तुम्ही मोठ्याने 'मित्र', 'केंद्र', 'चंद्र' म्हणून बघा. 'घर' म्हणताना शेवटचा अ गळतो, आपण 'घर्' म्हणतो. पण जोडाक्षर आलं की मराठी माणूस अ सोडत नाही. 'चंद्र'मधला तो अ चांगला ऐकू येतो. हीच सवय घेऊन तुम्ही रशियनमध्ये जाता, आणि 'एक मीटर' म्हणायला जाऊन 'एक मीटरचा' म्हणता. लिटरचं (लीत्र्), केंद्राचं (त्सेन्त्र्), नाट्यगृहाचं (तिआत्र्) हेच होतं. रशियन माणसाच्या तोंडी या शब्दांतला शेवटचा र् पुष्कळदा घोषही (गळ्यातली थरथरही) गमावतो आणि श्वासासारखा विरून जातो. तसा विरू द्या.

दुसरी जागा म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारं मृदू व्यंजन. (मृदू व्यंजनाला मी इथे ’ अशी खूण करते.) दार म्हणजे 'द्व्येर’', दारं म्हणजे 'द्व्येरि'. साखळी 'त्सेप’', साखळ्या 'त्सेपि'. मृदू व्यंजन म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून म्हटलेलं व्यंजन, त्यात स्वर नसतो. पण मराठी कानाला त्या उचललेल्या जिभेत 'इ'चा भास होतो, तोंड तो भास खरा करतं, आणि एका दाराची अनेक दारं होतात. वहीचा शब्द तर दोनदा चुकतो: एक वही 'तित्रात’', अनेक वह्या 'तित्रादि'. शेवटी आलेला द’ अघोष होऊन त’ होतो, स्वर पुढे असला तरच तो द’ राहतो. तुम्ही 'तित्राति' म्हटलंत तर ते एकवचनही नाही आणि अनेकवचनही नाही.

तिसरी जागा, शब्दयोगी अव्ययं. रशियनमध्ये 'त', 'कडे', 'सह' या अर्थांची अव्ययं म्हणजे नुसती व्यंजनं आहेत: व्, क्, स्. लिहिताना ती सुटी लिहितात, म्हणताना पुढच्या शब्दाला चिकटतात. 'मॉस्कोत' म्हणजे 'व्मस्कव्ये'. त्याच्यात दोनच स्वर आहेत. आपण तो सुटा 'व' पाहिला की 'व मस्कव्ये' म्हणतो आणि तीन करतो.

या तिन्ही चुकांचं मूळ आपल्या बाराखडीत आहे. आपण 'क' लिहितो तेव्हा खरं तर क् आणि अ दोन्ही लिहितो. स्वर नको असेल तर पाय मोडावा लागतो. रशियनच्या किरिल लिपीत उलट आहे. तिथलं व्यंजन मुळातच पाय मोडलेलं असतं, आणि स्वर हवा असेल तर तो वेगळा लिहावा लागतो. म्हणून माझी पहिली विनंती ही की रशियन शब्द देवनागरीत टिपून ठेवत असाल तर पाय मोडायला कंटाळू नका. 'म्येत्र' आणि 'म्येत्र्' हे दोन वेगळे शब्द आहेत.

आता स्वर म्हणजे काय, याकडे वळू.

रशियातल्या पहिलीच्या मुलांना स्वर लाल रंगाने, कठोर (म्हणजे जीभ टाळूकडे न उचलता म्हटलेलं) व्यंजन निळ्या आणि मृदू व्यंजन हिरव्या रंगाने दाखवायला शिकवतात. त्यांना सांगितलं जातं की जो ध्वनी ओढता येतो, गाता येतो आणि ज्याला तोंडात कुठे अडथळा होत नाही, तो स्वर. रशियन रानात मश्रूम वेचायला गेलेली माणसं एकमेकांपासून दुरावली की 'आ-ऊ!' अशी हाक मारतात. दोन स्वर, व्यंजन एकही नाही, कारण लांबवर पोहोचतो तो स्वरच. ही हाक मला फार आवडते. स्वराची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच सापडते.

पण 'ओढता येतो तो स्वर' ही कसोटी मोठ्यांना पुरत नाही. स्, श्, म्, ल् सुद्धा श्वास संपेपर्यंत ओढता येतात. म् तर गुणगुणताही येतो. अडथळ्याची कसोटी जास्त पक्की आहे: स्‌ला दातांशी, म्‌ला ओठांशी, ल्‌ला जिभेच्या टोकाशी काहीतरी आडवं येतं. स्वराला काहीच आडवं येत नाही. जीभ आणि ओठ फक्त पोकळीचा आकार बदलतात. तरीही नवख्या भाषेत, बोलण्याच्या वेगात, अडथळा प्रत्येक वेळी जाणवेलच असं नाही. म्हणून मी तिसरी कसोटी वापरते: तो ध्वनी शब्दात काम काय करतो? शब्द ज्या तुकड्यांनी बनतो, त्यातला प्रत्येक तुकडा एका स्वराभोवती उभा असतो. या तुकड्यांना शब्दावयव म्हणू, कारण 'अक्षर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लिपी येते. शब्दात जितके स्वर तितकेच शब्दावयव, हे रशियन मुलं यमकात पाठ करतात. पतंजलीने महाभाष्यात हेच म्हटलंय: 'स्वयं राजन्ते स्वराः, अन्वग् भवति व्यञ्जनम्'. स्वर स्वतः शोभतो, व्यंजन त्याच्या मागोमाग येतं. रशियन नावांतही हेच आहे: स्वराला 'ग्लासनि' म्हणतात, त्यात 'ग्लास', म्हणजे आवाज, आहे, व्यंजनाला 'सग्लासनि' म्हणतात, म्हणजे आवाजासोबत येणारा.

हे मोजण्यासाठी रशियन शिक्षिका मुलांना हनुवटीखाली तळहात धरायला लावतात. शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल तितके स्वर. तुम्हीही हेच करा. 'म्येत्र्' म्हणताना हनुवटी एकदाच टेकली पाहिजे. दोनदा टेकली तर बाई ज्या स्वराबद्दल बोलतात तो सापडला. कानाला तो अ इतका ओळखीचा आहे की ऐकू येत नाही, हाताला कळतो.

आता १०, ६ आणि ५ चा घोळ. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत: १० स्वरांची, २१ व्यंजनांची, आणि २ चिन्हं, कठोर आणि मृदू, ज्यांना स्वतःचा ध्वनीच नाही. १० ही लिपीतल्या अक्षरांची संख्या आहे, ध्वनींची नाही. ध्वनी मोजले तर आ, ओ, ऊ, ए, इ हे पाच निर्विवाद. सहावा म्हणजे 'येरी' (हे त्या अक्षराचं जुनं नाव). 'उ' म्हणा, जीभ आहे तिथेच मागे राहू द्या आणि ओठ मात्र 'इ'सारखे ताणा, की येरी निघतो. तो स्वतंत्र स्वर मानायचा की इ चंच रूप, यावर रशियातच दोन पक्ष आहेत. भाषाशास्त्रज्ञ श्चेर्बांच्या लेनिनग्राद परंपरेत सहा स्वर मोजतात. अवानेसोव, रिफर्मात्स्की यांच्या मॉस्को परंपरेत पाच; त्यांचं म्हणणं असं की कठोर व्यंजनानंतर इ आपोआप येरी होतो, मग वेगळा कशाला मोजायचा? विद्यार्थ्यासाठी दुसरा पक्ष जास्त उपयोगाचा आहे असं माझं मत आहे. का, ते शेवटी येईलच.

१० मधली उरलेली चार अक्षरं म्हणजे 'या', 'ये', 'यो', 'यू'. खरी फसवणूक इथे आहे. ही अक्षरं तक्त्यात स्वरांच्या रांगेत बसतात, पण काम दोन प्रकारचं करतात. व्यंजनानंतर आली तर सांगतात, 'आधीचं व्यंजन मृदू, आणि पुढे आ, ए, ओ किंवा उ.' शब्दाच्या सुरुवातीला, दुसऱ्या स्वरानंतर किंवा त्या दोन चिन्हांनंतर आली तर त्यांच्यात एक अख्खं व्यंजन दडलेलं असतं: य्. 'तिला' या अर्थाचा शब्द 'यियो' दोनच अक्षरांनी लिहितात, दोन्ही स्वरांची. पण ध्वनी चार आहेत: य्, इ, य्, ओ. अर्धे व्यंजन!

हे केवळ ध्वनिशास्त्राच्या तासाला सांगायचं नाही, व्याकरण त्यावर चालतं. 'विषयी' या अर्थाचं अव्यय स्वरापुढे 'अब्' होतं आणि व्यंजनापुढे नुसतं 'अ' राहतं. भारताविषयी म्हणताना 'अब् इन्दिइ'. जपानविषयी म्हणताना 'अ यिपोनिइ'. तक्त्यात पाहिलं तर भारत आणि जपान दोन्ही स्वराच्या अक्षराने सुरू होतात. रशियन कानाला मात्र भारत स्वराने सुरू होतो आणि जपान व्यंजनाने. एखाद्या शब्दाच्या सुरुवातीबद्दल शंका आली की त्याच्याआधी हे अव्यय लावून बघा, उत्तर मिळेल.

चंद्रकोरीच्या 'इ'लाही अशीच कसोटी लावू. तिचं नाव 'इ क्रात्कये', म्हणजे आखूड इ, आणि आकारही इ चा. १७३५ मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीने ती रूढ केली. नाव स्वराचं, चेहरा स्वराचा, म्हणून गोंधळ. शिवाय मराठी व्याकरणात आपण य ला अर्धस्वर म्हणतो, आणि 'ऐ', 'औ' हे संयुक्त स्वर मानतो. त्यामुळे 'चाय्' (चहा), 'माय्' (मे महिना) ऐकलं की मराठी कान त्यात एक जोडस्वर ऐकतो. रशियनमध्ये तसा जोडस्वर नाही. 'माय्' म्हणजे म्, आ, य् असे तीन ध्वनी, एकच स्वर, आणि शेवटी व्यंजन.

पुरावा हवा असेल तर क्रियापदांकडे बघा. आत्मवाचक प्रत्यय व्यंजनानंतर 'स्या' असतो आणि स्वरानंतर आक्रसून 'स्’' होतो. 'मला भीती वाटते' म्हणजे 'बयूस्’': आधी ऊ हा स्वर आहे, म्हणून स्’. 'घाबरू नकोस' म्हणजे 'न्ये बोय्स्या': इथे 'स्या' आलं, म्हणजे भाषेने आपल्या आखूड इ ला व्यंजन मानलं. (क्रियापदांपासून बनलेल्या विशेषणांत सगळीकडे 'स्या'च राहतो, तिथे ही कसोटी लावू नका.) दुसरा पुरावा लिंगाचा. रशियनमध्ये व्यंजनान्त नामं बहुतेक पुल्लिंगी असतात, आणि 'चाय्', 'माय्', 'मुझ्येय्' (संग्रहालय), 'गिरोय्' (वीर) ही सगळी पुल्लिंगीच आहेत. षष्ठीत 'चाय्'चं 'चाया' होतं: तोच य् जागेवर राहिला आणि पुढच्या स्वराशी जोडला गेला, जसा कुठलाही व्यंजनान्त शब्द करतो. उच्चारात तो य् ढिला असतो हे खरं, पण वागतो पूर्ण व्यंजनासारखा.

हा य् कुठे आहे आणि कुठे नाही, हे ऐकणं मराठी माणसाला जड जातं, कारण मृदू व्यंजनाच्या मागेही आपल्याला य चा भास होतो. दोन शब्द घ्या, 'तो बसला' आणि 'त्याने खाल्लं'. पहिल्यात मृदू स’ आणि लगेच ए, मध्ये काही नाही. दुसऱ्यात स्, मग वेगळा य्, मग ए. लिहिताना मध्ये कठोर चिन्ह घालतात. आपण दोन्हींना 'स्येल' लिहितो आणि दोन्ही सारखेच म्हणतो. पहिल्यासाठी जीभ स म्हणतानाच टाळूकडे गेलेली असू द्या आणि तिथूनच ए मध्ये उतरा. दुसऱ्यासाठी स् संपवा, मग य् सुरू करा. 'कोल’आ' हे पुरुषाचं लाडकं नाव आणि 'कोल’या' म्हणजे जमिनीत रोवायचे खुंट. 'पल’ओत' म्हणजे उड्डाण आणि 'पल’योत' म्हणजे ओतेल. एका सोबत्याला यातला कुठलाही एक म्हणायला सांगा, आणि तुम्ही कुठला ते ओळखा. दहापैकी नऊ बरोबर आले की पुढे जा.

ती दोन निःशब्द चिन्हं जुन्या रशियनमध्ये खरेखुरे स्वर होते, अगदी आखूड. साधारण १२व्या-१३व्या शतकापर्यंत ते काही जागी गळून गेले आणि काही जागी पूर्ण स्वर झाले. म्हणूनच आजही 'सोन्' (झोप) ची षष्ठी 'स्ना' होते, 'द्येन’' (दिवस) ची 'द्न्या', 'रोत्' (तोंड) ची 'र्ता'. मधला स्वर येतो आणि जातो. विद्यार्थी याला अपवाद समजून पाठ करतात. तो आठशे वर्षांपूर्वी विझलेल्या स्वराचा माग आहे. कठोर व्यंजनाने संपणाऱ्या प्रत्येक शब्दाच्या शेवटी कठोर चिन्ह लिहायची रीत तर १९१८ च्या लिपिसुधारणेपर्यंत टिकली होती.

'र्ता' म्हणताना तुम्ही 'रुता' म्हणाल, कारण आपल्याकडे ऋ चा उच्चार रु होतो आणि शब्दाच्या सुरुवातीला र् नंतर लगेच त येणं आपल्याला परकं आहे. अशा शब्दांना मी शेवटाकडून चढायला लावते: ता, मग आधी स्वर ठेवून 'अर्ता', मग तो अ फक्त मनात म्हणून 'र्ता'. 'व्झ्ग्ल्यात' (नजर) सुद्धा तसंच: ल्यात, ग्ल्यात, झ्ग्ल्यात, व्झ्ग्ल्यात. चार व्यंजनं ओळीने आली तरी हनुवटी एकदाच टेकते. 'स्त्री', 'स्नान' आपण सहज म्हणतो, आधी इ लावावा लागत नाही. तेव्हा हे जमतं, फक्त व्यंजनांची जोडी अनोळखी असते.

स्वरांचं एक दुखणं वेगळं आहे, ते थोडक्यात सांगते. आघात (उच्चारातला जोर) फक्त स्वरावर पडतो, आणि आघात नसलेला स्वर आपला रंग गमावतो. दुधाचा शब्द तीन ओ घालून लिहितात, पण म्हणतात 'मलाको': शेवटचा ओ आघाताचा म्हणून शाबूत, त्याच्या लगतच्या ओ चा आखूड आ, आणि पहिल्याचा आपल्या अ सारखा पुसट आवाज. मृदू व्यंजनानंतर ए आणि आ आघाताविना इ कडे झुकतात. बोलण्याच्या ओघात काही स्वर पार नाहीसे होतात. 'इवान इवानविच'चा 'इवान इवानिच' होतो. तेव्हा लिहिलेला प्रत्येक स्वर ऐकू यायलाच हवा असा हट्ट धरू नका. गंमत अशी की आपला अ, जो व्यंजनांमागे नको असतो, तोच या पुसट जागांसाठी अगदी योग्य असतो. 'गोरत' (शहर) मधला दुसरा स्वर मराठी माणूस पहिल्या दिवशी बरोबर म्हणतो.

आता येरीचं राहिलं. 'मी भारतात राहतो' हे वाक्य तुम्ही पहिल्या आठवड्यात शिकला असाल: 'या झिवू व्इन्दिइ'. 'या' हे एक अक्षर, पण य् आणि आ असे दोन ध्वनी. 'झिवू'मध्ये लिहिला जातो इ, पण इथला झ् ('मुझ्येय्'मधल्या झ् हून वेगळा) कायम कठोर असतो, म्हणून तो इ येरीसारखा वाजतो. 'व्' सुटा दिसतो, पण पुढच्या शब्दाला चिकटतो. तोही कठोर, म्हणून 'इन्दिइ'चा पहिला इ सुद्धा येरी होतो. हेच मॉस्कोवाल्यांचं म्हणणं होतं: अक्षर इ चं, आधी कठोर व्यंजन, ध्वनी येरीचा. हे एकदा कळलं की 'भाऊ आणि बहीण' म्हणताना 'ब्रात्' नंतरचा 'इ' सुद्धा आपोआप येरी होईल.

हनुवटीखाली हात धरून ते वाक्य सावकाश म्हणा. आ, येरी, ऊ, येरी, इ, इ. हनुवटी सहा वेळा टेकायला हवी. सात मोजले तर 'व'चा पाय मोडायचा राहिला आहे.